पायाच्या आधीचा आराखडा : पांझराकाठच्या वास्तुविचाराचा मागोवा

इ. स. १८७२ च्या पावसाळ्यात पांझरा आणि गिरणा या दोन्ही नद्यांना महापूर आला. धुळे शहरातील सुमारे पाचशे घरे त्या पुराने नेली. नदीकाठची एक संपूर्ण गल्ली पाहता पाहता नाहीशी झाली. खान्देशातील दीडशेहून अधिक गावांची हानी झाली, मालमत्तेचे नुकसान सोळा लाख रुपयांच्या घरात गेले आणि हजाराहून अधिक लोकांना सरकारी व खाजगी मदतीवर तगावे लागले. ब्रिटिश अमदानीतील नोंदींत हे सारे आकडे मिळतात. पांझरेच्या दक्षिण तीरावर धुळे आणि उत्तर तीरावर देवपूर. या दोन तीरांवर राहणाऱ्या माणसांना नदीचा स्वभाव ठाऊक नव्हता असे कसे म्हणावे? तरीही गल्ली गेली. घरे भक्कम होती की नव्हती, हा पुढचा प्रश्न. ती कोठे उभी करावयाची आणि पाणी आले तर ते कोणत्या वाटेने जावयाचे, हा प्रश्न त्याच्याही आधीचा होता आणि तो वेळेवर सोडविला गेला नव्हता.

आजच्या वास्तु-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक विषय अगदी प्रारंभी शिकविला जातो. इमारतीची चित्रे रंगविण्याआधी, खांबांच्या सळया मोजण्याआधी तिच्या सर्व अंगांचा एकत्रित प्राथमिक आराखडा करणे, असे त्याचे स्वरूप आहे. भार कोणत्या मार्गाने जमिनीत उतरेल, पाणी कोठून येईल आणि वापरून झाल्यावर कोठे जाईल, हवा कोणत्या बाजूने शिरेल, उजेड किती वेळ टिकेल, विजेच्या तारा कोणत्या भिंतीतून जातील, या सर्वांचा विचार एकाच कागदावर, एकाच वेळी आणि ढोबळ आकड्यांनी करावयाचा असतो. आकडे ढोबळ असले तरी निर्णय मात्र ढोबळ नसतात. बारकावे पुढे शंभर वेळा बदलता येतात, पण या पहिल्या कागदावर राहून गेलेली गोष्ट नंतर भिंत फोडूनच बसवावी लागते. हा विषय नवा आणि परदेशी आहे, असा समज आहे. खान्देशाचा आणि त्याच्या सीमेवरील प्रदेशाचा इतिहास पाहिला तर तो समज टिकत नाही.

या विचाराचे सर्वांत कठोर उदाहरण लेण्यांचे होय. बांधलेली भिंत पाडून पुन्हा बांधता येते, परंतु कोरून काढलेला खडक परत लावता येत नाही. वेरूळच्या जैन लेण्यांपैकी ‘इंद्रसभा’ या नावाने ओळखले जाणारे बत्तिसावे लेणे पाहावे. नवव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यात आधी मोकळे अंगण आहे, त्या अंगणात अखंड खडकातून घडविलेले छोटे मंदिर आहे आणि मागे दोन मजली दालने आहेत. भाविकाची दृष्टी शिल्पांवर खिळते आणि ते योग्यच आहे. पण अंगण तेथे का, असे विचारले म्हणजे शिल्पकारांच्या बुद्धीची दुसरी बाजू दिसते. डोंगराच्या पोटातील दालनांना उजेड आणि वारा मिळण्याचा मार्ग तो एकच. अंगण वरून खाली कोरीत यावयाचे, म्हणजे मागच्या दालनांची उंची, जिन्याची जागा, खांबांचे अंतर ही सर्व गणिते पहिली छिन्नी चालण्यापूर्वी झालेली असली पाहिजेत. खांब कोठे राखावयाचा हे आधी ठरले नाही, तर तो पुढे आणावयाचा कोठून?

चाळीसगावपासून जवळ, खान्देशाकडे तोंड करून असलेल्या सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोरे येथे याहूनही प्राचीन, इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील खडकातून पाणी झिरपते आणि त्या झिरपण्याने लेण्यांची पुष्कळ पडझड झालेली आहे. त्या काळच्या कारागिरांनी हे संकट ओळखले होते. पाणी बाहेर काढण्यासाठी त्यांनी खडकातच बंदिस्त मार्ग कोरला आणि त्याच्या तोंडाशी पाच फण्यांचा नाग घडविला. सांडपाण्याच्या वाटेला शिल्पाचा मान देणारे ते लोक होते. अलीकडच्या इमारतींच्या पाठीमागे लोंबणारे नळ पाहिले म्हणजे तो नाग हटकून आठवतो.

मध्ययुगातील उदाहरण बऱ्हाणपूरचे आहे. आज ते मध्यप्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळी तीच खान्देशाची राजधानी होती. पुढे मोगल अमदानीत, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास तेथे ‘कुंडी भंडारा’ ही जलव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी भुयारात गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरापर्यंत आणावयाचे, अशी ही इराणी पद्धती आहे. भुयाराच्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, खोदलेल्या आहेत. त्यांतून भुयारात हवा व उजेड जातो, माणूस उतरून गाळ काढू शकतो आणि पाणीही उपसता येते. एकाच विहिरीने चार कामे साधली, कारण ती चारही कामे आराखडा करतानाच डोळ्यांसमोर होती.

बऱ्हाणपूरचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. तेथील पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. फेरिश्त्याच्या इतिहासग्रंथाचा अनुवादक म्हणून हाच ब्रिग्ज पुढे विद्वानांत प्रसिद्ध झाला. १८१९ मध्ये त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि सरकारी कचेऱ्या बांधण्यासाठी कारागीर आणविले ते बऱ्हाणपूरहून. व्यापारी आणि इतर लोकांनी येथे येऊन वसावे म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या. पक्की घरे बांधता यावीत यासाठी जुन्या रहिवाशांना आणि नव्याने येणाऱ्यांनाही रकमा आगाऊ दिल्या गेल्या. त्या वेळच्या धुळ्याचे ब्रिग्जने केलेले वर्णन मोठे बोलके आहे. बागायतीने वेढलेले, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्यामध्ये अडकलेले ते एक लहानसे गाव होते.

पाट आणि नदी यांच्यामधील जागा, एवढ्या एका वाक्यात गावाच्या रचनेच्या सर्व सोयी आणि सर्व अडचणी सामावल्या आहेत. पाट वर, नदी खाली. म्हणजे पाण्याला येण्याचा आणि जाण्याचा उतार निसर्गाने आयता दिलेला. पांझरेवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाटाने पाणी फिरविण्याची फड पद्धती या भागात फार जुनी आहे. शिवाराचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने पाळी ठरवून पाणी द्यावयाचे, अशी ही शिस्त आहे. शेतकऱ्यांनी ती कोणत्याही महाविद्यालयाविना पिढ्यान् पिढ्या सांभाळली. नव्या धुळ्यातील सरळ रेषेत आखलेल्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हीदेखील अशाच शिस्तीची शहरी बाजू होय. मात्र तीच नदी चढली म्हणजे काठची जमीन कोणाची, याचे उत्तर १८७२ ने दिले.

येथे एका लोकप्रिय समजाचा परामर्श घेणे भाग आहे. धुळे शहराची रचना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केली, असे गावात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. अभिमान स्वाभाविक असला तरी सनावळी त्याला साथ देत नाही. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६० चा, आणि ब्रिग्जने नवे धुळे वसविण्यास आरंभ केला तो १८१९ मध्ये. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. नाशिकमागोमाग त्यांची नेमणूक खान्देशात झाली आणि त्यांनी धुळ्यास मुक्काम केला. तेव्हा गल्ल्या आखून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. खान्देशाला त्यांचे जे खरे ऋण आहे ते निराळे आहे आणि ते कमी मोलाचे नाही.

साक्री तालुक्यातील दातर्ती या गावी पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाटाचे पाणी पलीकडे नेण्याचे काम या तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आले. यासाठी नदीच्या तळाखालून नळ टाकावयाचा होता. अशा रचनेला सायफन म्हणतात. काम चालू असताना पावसाळ्याने अडचणी उभ्या केल्या, तेव्हा ते पावसाळ्यानंतर पूर्ण करावे असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले. वरिष्ठांना ही सूचना रुचली नाही. मग मात्र विश्वेश्वरय्यांनी माघार न घेता काम हाती धरले आणि तडीस नेले. ज्या अभियंत्याने पुढे खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविले, १९०८ च्या मुसा नदीच्या प्रलयानंतर हैदराबादला पूरनियंत्रणाची व भुयारी गटारांची योजना आखून दिली, त्याचा हात पहिल्यांदा बसला तो पांझरेच्या वाळूत.

सायफनचे तत्त्व घराघरांत वापरले जाते, म्हणून ते थोडे उलगडणे योग्य ठरेल. नळातील पाणी नदीच्या तळाखाली उतरते आणि पलीकडे पुन्हा वर चढते. ते आपल्या बळाने चढते, कारण आत शिरण्याचे तोंड बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा उंच ठेवलेले असते. या दोन तोंडांमधील उंचीचा फरक हे त्याचे भांडवल. नळ अरुंद, लांब किंवा वाकडातिकडा असेल तर घर्षणात ते भांडवल खर्च होते आणि पलीकडे पाणी कमी पोहोचते. घराच्या गच्चीवरील टाकीचेही गणित हेच आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो पडतो. म्हणजे तोटीच्या वर तीनच मीटर उंचीवर टाकी ठेवली, तर दाब त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. वरच्या मजल्यावर पाणी बारीक येते म्हणून प्लंबरला दोष देण्यापूर्वी टाकीची उंची कोणी आणि केव्हा ठरविली, हे पाहावे.

खान्देशातील जुन्या घरांत हे सारे परंपरेने ठरलेले असे. धाब्याची घरे, जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट्या घालून मातीचा थर, अशी ती रचना. घर किती ‘खणां’चे यावर त्याचे मोठेपण मोजले जाई. हा खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, आणि ते ठरे बाजारात मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवरून. म्हणजे दालनाची रुंदी, छताचा भार आणि लाकडाची किंमत या तीन गोष्टी सुताराच्या एका शब्दात बांधलेल्या होत्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जाऊन बसणाऱ्या या प्रदेशात जाड भिंत आणि जाड धाबे दुपारची उष्णता थोपवून धरीत, मधला चौक उजेड देई, आणि धाब्यातील झरोक्यावाटे धूर व तापलेली हवा निघून जाई. मारवाड आणि गुजरातमधून येऊन येथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांना पावसाचे पाणी साठविण्याचा संस्कारही ओळखीचा होता. अहमदाबादच्या पोळांतील घरांच्या चौकाखाली बांधलेले टांके त्याची साक्ष देतात.

सिमेंट-काँक्रीट आले आणि ही साखळी तुटली. खण लाकडाच्या लांबीला बांधलेला राहिला नाही, भिंत पातळ झाली, चौक बुजला. दोष काँक्रीटचा नव्हे. पूर्वी जे परंपरा ठरवीत असे ते आता माणसाने कागदावर ठरविणे आवश्यक झाले, आणि नेमके तेच वगळले गेले. काळ्या मातीचे उदाहरण घ्यावे. तापी-पांझरा खोऱ्यातील ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतींना तिरक्या तडा जातात. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या खोल खुंटांची पद्धती विकसित केली. तिचा उपयोग मात्र जागेची माती आधी तपासणाऱ्यालाच. १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आणि पुढे १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारलेली राष्ट्रीय बांधकाम संहिता हाताशी असूनही कित्येक इमारतींत मातीची तपासणी आणि नळांचा नकाशा या दोन गोष्टी बांधकाम अर्धे झाल्यावर आठवतात.

प्राथमिक आराखडा म्हणजे नेमके काय, हे एका कल्पित यात्रीनिवासाच्या हिशेबाने स्पष्ट होईल. चाळीस माणसांची वस्ती धरली आणि दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले, तर दिवसाला ५,४०० लिटर पाणी लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा एका दिवसाचा साठा गच्चीवर ठेवावयाचा तर टाकीचे वजन सोडून साडेपाच टनांच्या आसपास भार आला. तो कोणत्या खांबांवर येणार, हे खांबांची जाडी ठरण्यापूर्वी माहीत हवे. पाण्याचा प्रश्न असा पाहता पाहता पायाचा प्रश्न होतो. पुढे सांडपाणी पाहावे. शौचालयापासून उभ्या नळापर्यंतचे अंतर बारा मीटर असेल आणि नळाला चाळीसास एक असा उतार द्यावयाचा असेल, तर शेवटी नळ तीस सेंटिमीटर खाली जातो. वाटेत तुळई आली की एक तर तुळईला भोक पडते किंवा खालच्या खोलीचे छत खाली येते. शौचालय पहिल्याच रेखाटनात उभ्या नळाजवळ सरकविले असते, तर दोन्ही वाचले असते. आता पाऊस. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला, तर १,१०,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला तरी ८८,००० लिटर उरते. पिण्यास व स्वयंपाकास माणशी पाच लिटर धरल्यास चाळीस माणसांना ते वर्षभराहून अधिक पुरेल. अट एकच, जमिनीखालचे टांके पायाच्या खोदाईबरोबर बांधलेले असावे. फरशी झाल्यावर ते बांधू म्हणणारे बहुधा बांधीत नाहीत.

आणि जैन वास्तूंच्या बाबतीत या विषयाला एक आगळे महत्त्व आहे, जे अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. सर्वसाधारण इमारतीत आराखडा चुकला तरी पंखा आणि दिवा ती चूक झाकून टाकतात. उपाश्रयात किंवा स्थानकात ही सोय नाही. साधु-साध्वी विजेचा दिवा वापरीत नाहीत, पंखा लावीत नाहीत. खान्देशातील उन्हाळ्यात त्यांच्या दालनाला मिळेल तो वारा, आणि खिडकीतून येईल तोच उजेड. उष्ण-कोरड्या हवामानासाठी संहिता जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश इतकी उघडी जागा सांगते. बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद सभागृहाला हा हिशेब साडेनऊ चौरस मीटरच्या थोडा पुढे जातो. पण तो किमान आकडा आहे, आणि ज्या दालनात पंखाच नाही तेथे किमान आकड्यावर थांबणे हे अविचाराचे होय. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या हव्यात, छतालगत तापलेली हवा निघून जाण्यास झरोके हवेत, आणि दुपारच्या उन्हाची पश्चिमेकडील भिंत एक तर जाड हवी किंवा पडवीने झाकलेली हवी. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या समाजाची भोजनशाळा नैसर्गिक उजेडाच्या बाजूला असावी. सकाळी उकळलेले पाणी गार होऊन भरून ठेवण्यास स्वतंत्र जागा असावी. न्हाणीची व स्वयंपाकघराची फरशी उताराची असावी, कारण साचलेल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते आणि तेथे जयणा पाळणे अशक्य बनते.

याहून नाजूक प्रश्न परठवण्याच्या जागेचा आहे. साधु-साध्वींना त्यासाठी कोरडी, निर्जीव, मोकळी भूमी लागते. जुन्या वाड्यांच्या परसात ती आपोआप मिळे. अलीकडे आवाराला शोभा यावी म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फरशी घातली जाते आणि काम पूर्ण झाल्यावर, चातुर्मास तोंडावर आल्यावर, कोणाच्या तरी ध्यानात येते की मातीचा हातभर तुकडाही उरलेला नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याची वाटही त्याच फरशीने बंद केलेली असते. दोन्ही अडचणींचा उपाय एकच होता, आणि तो पहिल्या नकाशावर पेन्सिलीची एक रेघ ओढण्याइतका स्वस्त होता.

देवपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि तेथील विद्यार्थ्यांना दातर्ती, फडांचे पाट व नदीकाठच्या जुन्या वस्त्या पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. संस्थांच्या विश्वस्तांनाही अशा तरुणांकडून एखादा प्राथमिक नकाशा काढून घेणे अवघड नाही, पण सहसा तो काढला जात नाही. त्याचे एक व्यावहारिक कारण स्पष्ट दिसते. सभागृहाला देणगीदार मिळतो, प्रवेशद्वाराला मिळतो, पाण्याच्या टाकीलाही नामफलकासाठी जागा असते. जमिनीखालचा नळ, भिंतीतील झरोका आणि मोकळी सोडलेली माती यांवर नाव कोरता येत नाही, म्हणून बांधकाम समितीच्या बैठकीत ही तीन कामे यादीच्या शेवटी येतात आणि रक्कम संपली म्हणजे तीच प्रथम वगळली जातात. पितळखोऱ्याच्या कारागिरांनी निचऱ्याच्या तोंडाशी नाग कोरला, तेव्हा त्यावरही कोणाचे नाव नव्हते.